हाडापेरानं दणकट दिसणाऱ्या पोराचा हात दुसऱ्यांदा का मोडला

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. असाच प्रश्न माझ्या ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी येतोच, फक्त तिथे तो अहिराणीत येतो, "डॉक्टरसाहेब, मन्हा पोऱ्या इतला जाडजुड शे, दूध बी पेस, तरी हात कसा मोडना?" तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मुलगा ११ वर्षांचा, वजन ५८ किलो, उंची १४३ सेंटिमीटर, शाळेच्या ग्राउंडवर पळताना नुसता अडखळून पडला आणि मनगटाच्या वर हाड मोडलं, सव्वा वर्षापूर्वी दुसऱ्या हाताचं हेच झालं होतं. सासूबाई म्हणतात पोरगा जाड नाही, हाडापेरानं मोठा आहे, कुणाची तरी नजर लागली. धाकटी ९ वर्षांची, काडीसारखी, तिचं पण असंच होईल का ही भीती. मग कॅल्शियमचं सिरप चालू करू का, व्हिटॅमिन डी तपासू का, आणि याचं खेळणं बंद करू का.

शेवटचं आधी सांगून टाकतो. खेळणं बंद करू नका. प्लास्टर निघालं की पुढचे महिना-दीड महिना ढकलाढकलीचे खेळ, सायकल, झाडावर चढणं एवढं टाळा, तेही तुमच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितल्याप्रमाणे. पण "आता घरातच बस" म्हणून त्याला मोबाईल हातात दिलात तर तिसरं प्लास्टर ठरलेलं आहे असं समजा, आणि हे मी घाबरवायला बोलत नाही, जळगावला २६-२७ वर्षं हाडांचाच दवाखाना चालवतोय, दुसऱ्या वेळेला येणारी पोरं बघून बघून कळायला लागलंय.

आधी ते हाडापेराचं बघू. आपल्याकडे जाड पोराला मोठ्या हाडाचा म्हणायची पद्धत आहे, ऐकायलाही बरं वाटतं. पण या वयाच्या पोराच्या अख्ख्या सांगाड्यातलं खनिज काढून वजन केलं तर किती भरेल, सव्वा ते दीड किलो, फार तर जरा जास्त. मोठ्या पुरुषाचं सुद्धा तीनेक किलोच. म्हणजे ५८ किलोतला फरक हाडाचा नसतोच, तो चरबीचा असतो, थोडा पाण्याचा, थोडा स्नायूचा. आता गंमत अशी की जाड मुलाचं हाड मशिनवर मोजलं तर बारीक मुलापेक्षा थोडं दाटच येतं, कारण रोज वजन पेलतंय ना ते. आणि इथेच लोक फसतात, डॉक्टर लोक पण. कारण प्रश्न हाड किती दाट हा नाही, ज्या वजनाखाली ते सापडणार त्याच्या मानाने दाट आहे का हा आहे, आणि त्या हिशोबात ते कमी पडतं. तुम्ही रावेर-यावलकडे केळीच्या बागा बघितल्या असतील, घड भरला की झाड किती जबरदस्त दिसतं, पण खोडात लाकूड कुठे असतं, नुसता पाण्याचा फुगवटा, मे-जूनचं एक वादळ आलं की अख्खी बाग आडवी. तिथे घडाला बांबूचा टेकू देतात. पोराला टेकू स्नायूचा लागतो, आणि तो नेमका कमी असतो.

म्हणून मला जे मुख्य सांगायचंय ते हे, की हाड स्नायूचं ऐकतं. मुलांच्या हाडाच्या ताकदीशी सगळ्यात जवळचं नातं चरबी नसलेल्या वजनाचं, म्हणजे मुख्यतः स्नायूचं सापडतं. स्नायू हाडाला ओढतो, उडी मारून खाली आलं की हाडाला दणका बसतो, हाड एक केसभर वाकतं, हाडाच्या आतल्या पेशींना ते कळतं आणि त्या जिथे ताण पडला तिथे भर घालायचा निरोप देतात. जर्मनीचे ज्युलियस वुल्फ यांनी १८९२ मध्येच लिहून ठेवलंय की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे घडत जातं. पुढे अमेरिकेतले हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी ते जास्त खोलात जाऊन मांडलं. पण पुस्तकाची गरज नाही, मी प्लास्टर काढतो तेव्हा दर वेळी हेच दिसतं. सहा आठवडे हात बांधून ठेवलेला असतो, पोराचं जेवण तेच, दूध तेच, ऊन तेच, दोन्ही हातांना एकाच रक्तातून कॅल्शियम गेलेलं, तरी प्लास्टरमधला हात बारीक झालेला असतो आणि एक्सरेत त्याचं हाड फिकट दिसतं. का? कामच नव्हतं त्याला. उलट बाजूचं उदाहरण टेनिस खेळणाऱ्यांचं आहे, त्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि फिनलंडमध्ये बघितलं गेलं तेव्हा ज्या मुलींनी पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा त्याच सुमाराला खेळ सुरू केला त्यांच्यात हा फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे वयाचा पण सौदा आहे यात, त्यावर येतोच.

चरबी नुसती निवांत बसून राहिली असती तर एवढं वाईट नव्हतं, पण ती कामं बिघडवते. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळणारं आहे, जाड मुलात ते चरबीत पसरून जातं आणि रक्तात कमी उरतं, त्यामुळे अशा मुलांना कमतरता असेल तर औषधाचा डोस पण दुप्पट-तिप्पट लागतो. पोटातली चरबी, कमरेभोवतीच्या टायरच्या आतली, तिच्यामुळे शरीरात सतत बारीकशी सूज धुमसत राहते आणि इन्सुलिनचं काम बिघडतं, दोन्ही हाडाला चांगलं नाही. हाडाच्या आतल्या मगजात ज्या मूळ पेशी असतात त्या हाडाची पेशी पण होऊ शकतात आणि चरबीची पण, कुठल्या वाटेला जायचं हे बरंचसं शरीर हलतं का बसलेलं असतं त्याच्यावर ठरतं. आणि सगळ्यात साधी गोष्ट, ५८ किलोचा पोरगा पडला की तो तळहात टेकतो आणि ५८ किलो त्या मनगटावर येतात, बारीक पोरगा पडला तर ३२ किलो येतात. वर जाड मुलांचा तोल पण जरा कच्चा असतो, पाय पटकन पुढे टाकून सावरता येत नाही. म्हणून तुमचा पोरगा अडखळला, त्याचा मित्र अडखळला असता तर चार पावलं लडबडून उभा राहिला असता.

आता याच्या वयाकडे या. मुलांच्या हाताची हाडं सगळ्यात जास्त मोडतात ती मुलींची ११-१२ ला आणि मुलांची १३-१४ ला, आणि याला कारण आहे. उंची आधी सुटते, खनिज मागून येतं, सहा महिने ते वर्षभर मागून. मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं पण भरलेलं नसतं, घराचा स्लॅब टाकलाय पण पाणी मारून पक्का व्हायचाय असं. कॅनडात मुलांना वर्षानुवर्षं मोजून बघितलंय, भरती पूर्ण जोरात असते तेव्हा मुलाच्या हाडात रोज साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम जमा होतं आणि मुलीच्या २८५ च्या आसपास, मुलींचा हा टप्पा साडेबारा वर्षांच्या आगेमागे आणि मुलांचा १४ च्या. उंची झपाट्याने वाढते त्या काळाच्या आगेमागे चारेक वर्षांत मोठेपणीच्या एकूण हाडाच्या जवळपास ४० टक्के हाड तयार होतं. बरंचसं आई-बापाकडून आलेलं असतं हे खरं, ६० ते ८० टक्के फरक वंशाचाच असतो, पण उरलेलं जे आपल्या हातात आहे ते याच चार वर्षांत करायचं असतं. आणि आपण नेमकं याच चार वर्षांत काय करतो, सहावीत गेला की सकाळी ट्यूशन, दुपारी शाळा, संध्याकाळी परत ट्यूशन, स्कॉलरशिप, नवोदय, मग आठवीपासून फाउंडेशनचा क्लास. मैदान कधी? रविवारी टेस्ट असते.

एक लक्षात घ्या की पोरांचं हाड मोडणं म्हणजे रोग नाही. बाहेरच्या देशातले आकडे बघितले तर १८ वर्षांपर्यंत तिघांतल्या एकाचं, काही ठिकाणी जवळपास निम्म्या पोरांचं कधी ना कधी हाड मोडतंच. लहान मुलाचं हाड ओल्या पऱ्हाटीसारखं, म्हणजे कपाशीच्या ओल्या काडीसारखं असतं, वाकतं, एका बाजूने चिरतं, सटकन दोन तुकडे होत नाही, आणि भरून पण झकास येतं. मला काळजी असते ती कमी जोराच्या पडण्याची. गच्चीवरून पडला, मोटरसायकलवरून पडला, हाड मोडलं, ठीक आहे, कुणाचंही मोडेल. सपाट जमिनीवर उभ्या उंचीवरून पडून दोनदा, तेव्हा मी त्या पोराचं वजन, उंची, पोटाचा घेर आणि दिवस कसा जातो ते सगळं विचारत बसतो. तुमच्या मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २८ च्या वर जातो. आपल्या इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे चार्ट आहेत, पुण्याच्या खाडीलकर मॅडम आणि त्यांच्या टीमने भारतीय मुलं मोजून केलेले, त्यात बघाल तर हा आकडा लठ्ठपणाच्या रेघेच्या चांगलाच वर आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण "खात्यापित्या घरचा" हा शब्द आता सोडा.

धाकटीबद्दल. तिला तुम्ही काडी म्हणताय, तिची मला वेगळी काळजी आहे, कारण बारीक म्हणजे ठीक असं पण नसतं. आपल्याकडे एक तिसराच प्रकार आहे, हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या पोरांचा अभ्यास चालवलाय, त्यांनी दाखवलं की आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी पण त्यामानाने चरबीला जास्त आणि स्नायूला कमी असतात. त्याच अभ्यासात पुढे मुलं ६ वर्षांची झाली तेव्हा हाडं मोजली, तर ज्या आया गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाजी असं कॅल्शियमवालं वारंवार खात होत्या त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरलेली निघाली. ही गोष्ट मी मुद्दाम सासूबाईंसमोर सांगतो, कारण आपल्याकडे सुनेच्या ताटात दूध शेवटी उरलं तर येतं. असो. तर मुलीचं वजन उंचीच्या मानाने खूप खाली असेल, दंड हाताच्या कवेत मावत असेल, तर तिला जेवण आणि खेळ दोन्ही वाढवायचं. आणि अजून दोन-तीन वर्षांनी तिला पाळी येईल, तेव्हा कृपा करून तिचं खेळणं बंद करू नका. मी बघतो ना, पाचवीपर्यंत पोरी लंगडी, खो-खो, सगळं खेळतात, सातवीत एकदम घरात. मग वर्षातून एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोका, बास. साडेबाराचा आकडा वर सांगितला तो आठवा, हाडाची भरती सगळ्यात जोरात असते नेमकं त्याच वर्षी आपण पोरीला बसवतो. नंतर पंचावन्नाव्या वर्षी तीच बाई कंबर धरून माझ्याकडे येते. आणि पंधरा-सोळाला बारीक होण्याच्या नादात जेवण सोडणाऱ्या मुली, पाळी तीन-तीन महिने येत नाही त्यांची, हाड तिथे पण सुटतं, अशा मुलीला कॅल्शियम देऊन उपयोग नाही, पोटभर जेवायला घालून पाळी परत सुरू व्हायला हवी.

आता करायचं काय. लंगडी. हसू नका. चालताना पायावर वजनाच्या जेमतेम सव्वा पट जोर येतो, पळताना दोन-तीन पट, उडी मारून खाली आलं की तीन ते पाच पट, उंचावरून मारली तर आठ पटीपर्यंत. हाडाला हा अचानक येणारा दणका आवडतो, एकसारखा रेटा नाही. म्हणून पोहणं आणि सायकल हृदयाला चांगली, वजनाला चांगली, पण हाडाला जवळपास काही देत नाहीत, आणि हल्ली जो तो पोराला स्विमिंगला घालतो आणि वर म्हणतो व्यायाम होतो ना. अमेरिकेत ऑरेगॉनला २००१ साली एक प्रयोग छापून आला, वयात न आलेल्या मुलांना दोन फुटी खोक्यावरून उड्या मारायला लावल्या, १०० उड्या, आठवड्यातून तीनदा, सात महिने. बाकी काही नाही. उड्या न मारणाऱ्या मुलांपेक्षा यांच्या खुब्याचं हाड साडेचार टक्के आणि कमरेच्या मणक्याचं तीन टक्के जास्त वाढलं. आणि एवढ्याला वेळ किती लागला असेल, दहा मिनिटं. दुसरी गोष्ट, हाडाच्या पेशी लवकर कंटाळतात, चाळीस-पन्नास दणक्यांनंतर त्या ऐकायचं बंद करतात आणि काही तास विश्रांती मिळाली की परत ताज्या होतात. म्हणून एकदम तासभर घाम गाळण्यापेक्षा सकाळी थोडं, मधल्या सुट्टीत थोडं, संध्याकाळी थोडं असं हाडाला जास्त मानवतं. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, ठिकरी, फुगडी, आपल्या जुन्या खेळांत हे सगळं आपोआप होतं, थोडा वेळ दणके, मग बसा, मग परत. लंगडीत तर अख्खं वजन एका पायावर, आणि दिशा बदलत बदलत.

तुमच्या मुलाला मात्र एकदम दोरी देऊ नका, ५८ किलो घेऊन सिमेंटच्या अंगणात उड्या मारल्या तर गुडघे आणि टाचा धरतील आणि तो दुसऱ्याच दिवशी सोडून देईल. आधी दोन-तीन आठवडे भरभर चालणं, जिना, मग मातीवर छोट्या छोट्या उड्या, दहा-दहाच्या, दिवसातून तीन वेळा. हात प्लास्टरमध्ये असताना पण चालणं आणि उठाबशा होतात, पाय मोडला नाहीये त्याचा. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि त्यात आठवड्याचे तीन दिवस हाड-स्नायू मजबूत करणारा खेळ असं सांगते, पण मी पालकांना ६० सांगितलं की ते शून्यावरच राहतात, म्हणून मी २० पासून सुरू करतो.

वजन उतरवायचं का? या वयात बहुतेक वेळा उतरवायचं नसतं, थांबवायचं असतं. पोरगा पुढच्या दोन-तीन वर्षांत वीसेक सेंटिमीटर वाढेल, वजन तेवढंच राहिलं तरी बीएमआय आपोआप खाली येतो. उपाशी ठेवून वजन पाडलं तर चरबीबरोबर स्नायू आणि हाड पण जातं, मग काय मिळवलं. मैद्याची खारी, टोस्ट, कोल्ड्रिंक, पाकिटातलं कुरकुरीत आणि केळीचे वेफर्स हे बंद केलं तरी खूप झालं. कोल्ड्रिंकचं मुख्य पाप म्हणजे ते दुधाची जागा खातं. आणि खारट जास्त खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियम बाहेर जातं, आपल्याकडे शेव प्रत्येक गोष्टीत, शेवभाजी तर आहेच, पोह्यावर शेव, खिचडीवर शेव, नुसती शेव. आठवड्यातून एकदा शेवभाजी खा, मी पण खातो.

कॅल्शियमचा हिशोब बघू. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत ७ ते ९ वर्षांना ६५०, १० ते १२ ला ८५०, १३ ते १५ ला १००० मिलिग्रॅम रोज असं आहे. दूध १०० मिलीत साधारण १२०. म्हणजे दोन मोठे कप, ४०० मिली दूध घेतलं की ४८० झाले, एक वाटी दही धरा दीडशे, दोन चमचे तिळाची चटणी शंभर-सव्वाशे, मेथी किंवा शेवग्याचा पाला असेल तर अजून शंभर-दीडशे, झालं की. सिरप कशाला. पण बहुतेक घरात दूध म्हणजे चहा असतो, पोराला सकाळ-संध्याकाळ कपभर चहा, त्यात दूध पाव कप, आणि आई सांगते दूध पितो. तो चहा बंद करा, पहिलं काम ते. गोठा असणाऱ्या घरात पण मी बघतो, सगळं दूध सकाळी डेअरीला जातं, घरात उरतं चहापुरतं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला नावं ठेवत नाही पण तिच्यात कॅल्शियम १०० ग्रॅमला ३० च्या आसपासच आहे, नागलीत म्हणजे नाचणीत साडेतीनशे, म्हणून नवापूर-धडगावकडून कुणी नागली आणून देत असेल तर भाकरीत मिसळा. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी चांगली, उडदामुळे प्रथिनं वाढतात आणि स्नायूला तीच लागतात. पालक आणि पोकळ्यात आकडा मोठा दिसतो पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, तिळातलं पण सगळं अंगी लागत नाही, म्हणून सगळा भार पाल्यावर टाकू नका. अंडं चालत असेल तर रोज एक द्या. आणि आपलं लाडकं केळं, जळगावचा माणूस असून सांगतो, खायला उत्तम, पण कॅल्शियम त्यात नावापुरतं आहे, केळं खाऊन हाड मजबूत होत नाही. डब्यातल्या ताकदीच्या पावडरीत साखर किती आहे ते मागच्या बाजूला छापलेलं असतं, एकदा चष्मा लावून वाचा.

उन्हाचं मात्र आपल्या खानदेशात विचित्र आहे. भुसावळ-जळगावला ४५ अंश ऊन, आणि तरी पोरांचं व्हिटॅमिन डी कमी येतं, लोकांना पटत नाही. एक तर सकाळी सातचं कोवळं ऊन, जे सगळे सांगतात, त्यात व्हिटॅमिन डी बनवणारे किरण जवळपास नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा छोटी पडायला लागली की ते किरण येतात, म्हणजे साधारण दहा-साडेदहा ते तीन. काचेतून आलेलं ऊन पण बाद. आणि आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, अर्धा तास तरी. आता एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा वाजता पोराला बाहेर काढा असं मी सांगणार नाही, उष्माघात होईल, त्या दिवसात खेळ पहाटे आणि सहानंतर, ऊन नाही मिळालं तरी चालेल. पण दसऱ्यापासून होळीपर्यंतचे जे महिने आहेत ते सोन्यासारखे आहेत, तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलं वर्गात का बसतात हे मला कळत नाही. अर्ध्या बाहीचा शर्ट, हाफ पॅन्ट, अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस.

व्हिटॅमिन डीची तपासणी, तुमच्या मुलाची करा. लठ्ठ आहे, दोनदा मोडलंय, कारण आहे. रिपोर्टात आकडा २० (नॅनोग्रॅम प्रति मिली) च्या वर असेल तर ठीक, १२ ते २० अपुरं, १२ च्या खाली कमतरता, मग डोस डॉक्टर ठरवतील. मुलीची लगेच गरज नाही. मेडिकलमधून व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आणून दर आठवड्याला महिनोनमहिने देणं हा प्रकार करू नका, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, मूतखडा. आणि टाचेला मशिन लावून फुकट हाडं तपासायचे कॅम्प असतात, एका कॅम्पमध्ये दहा वर्षांच्या मुलीला "ऑस्टिओपोरोसिस" लिहून दिलेला कागद घेऊन तिचे वडील माझ्याकडे रडत आले होते. मुलांचं हाड मोठ्यांच्या आकड्याशी ताडायचंच नसतं, त्याच वयाच्या मुलांशी ताडतात, उंचीचा हिशोब करून, आणि नुसत्या आकड्यावर तर मुलांना हा शिक्का मारतच नाहीत. १० वर्षांच्या आत लांब हाडं दोनदा किंवा १९ च्या आत तीनदा मोडली आणि घनता पण बरीच खाली असेल, किंवा फारसा मार न लागता मणका दबला, तर विचार करायचा. तुमच्या मुलाला आज डेक्साची, म्हणजे हाडाची घनता मोजायच्या तपासणीची, गरज मला वाटत नाही. फिटच्या गोळ्या किंवा बराच काळ स्टिरॉइड चालू असेल तर गोष्ट वेगळी, तसं असेल तर सांगा.

एक गोष्ट जाड मुलांच्या आई-बापांना मी न विचारता सांगतो. दहा ते चौदाचा जाड मुलगा लंगडायला लागला, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणाला, पाऊल बाहेर वळवून चालायला लागला, तर तो गुडघा नसतो बऱ्याचदा, खुब्याच्या हाडाचा गोळा सरकलेला असतो. तेल लावून चोळत बसू नका, चालवू पण नका, त्याच दिवशी खुब्याचा एक्सरे. गुडघ्याचा एक्सरे काढून नॉर्मल म्हणून दोन महिने घालवलेली पोरं बघितलीत मी, आयुष्यभराचं लंगडणं होतं. आणि नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागातले कुणी वाचत असतील तर, पोराची हाडं वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर कॅल्शियम नंतर, आधी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. हाडवैद्याकडे जाऊन पट्टी घट्ट आवळून आलात तर बोटं निळी पडतात का, सुन्न होतात का हे तरी बघा, तशी झाली तर पट्टी तिथल्या तिथे कापा आणि पळत दवाखाना गाठा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की प्लास्टरमध्ये फार खाजतं म्हणून तो आत स्वेटरची सुई घालतो. ती काढून घ्या आधी त्याच्याकडून. जखम झाली की वरून दिसत नाही, वास आला की कळतं. हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं दिवसभर हलवत राहायची, फारच खाजलं तर टेबलफॅनसमोर धरायला सांगा किंवा बाहेरून हलकेच टिचक्या मारा. आणि प्लास्टर काढायला जाल तेव्हा दोन्ही वेळचे एक्सरे बरोबर न्या, मागचा पण.